बैठकीतलं कुत्र्यांचं टेबल

मामांच्या घरी चहा घ्यायचा मी सोडून दिला, त्याला कारण एक केस. तसा केस मला नवा नाही. सगळं आयुष्य रंगभूमीवर गेलं. दुसऱ्यांच्या केसांचे टोप डोक्यावर चढवून मी राण्या झाले, भिकारणी झाले, आणि एकदा ऐन वेळी म्हातारा नट आजारी पडला म्हणून दाढी चिकटवून सेनापतीसुद्धा झाले. दाढीचे केस तोंडात घोळवत पानभर संवाद म्हटलेत मी. पण त्या दिवशी चहाच्या घोटाबरोबर जो केस जिभेवर आला आणि काढता काढता लांबतच गेला, तो पांढरा, राठ आणि ओल्या कुत्र्याच्या वासाचा होता. मी तोंडात बोटं घालून तो ओढतेय, डोळ्यांत पाणी आलंय, आणि समोर मामा कौतुकानं सांगतायत, "ताई, हा त्या डोंगरी कुत्र्याचा. काय दमदार केस आहे बघा! याचा टोप केला असता तर शेवटच्या रांगेपर्यंत चमकला असता."

मामा आमच्या नाटक कंपनीचे टोपवाले. टोप विणणं, धुणं, विंचरणं, नटांच्या डोक्यावर बसवणं आणि जोडीला तोंडं रंगवणं, हे सगळं एकट्याचं काम. ते कुणाचेच मामा नाहीत. मी तर वयानं त्यांच्याहून मोठी. पण कंपनीत सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणते. आणि त्यांच्या बायकोला मामी. ते दोघं मला ताई म्हणतात. कंपनी बंद पडल्यावर आम्ही एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर समोरासमोर राहायला आलो. आता आमच्या दारांमध्ये फक्त जिन्याची जागा आहे, आणि त्या जागेत वास.

मामांना घाण कधी कळलीच नाही. प्रयोग संपल्यावर घामानं चिंब झालेले टोप ते हातात घेत, नाकाशी धरत आणि म्हणत, "आज नायक पिऊन आला होता." आम्ही तोंड वाकडं करायचो. कुणाच्या टोपात उवा सापडल्या तर बाकीच्या नट्या किंचाळत रंगपटाबाहेर पळत, आणि मामा बत्तीखाली बसून एकेक ऊ अशी शांतपणे वेचत, की मोती निवडतायत असं वाटावं. अशा माणसाच्या हातातून एके दिवशी सगळी डोकी गेली. थिएटर विकलं, तिथं फर्निचरचं दुकान झालं. मामा घरी बसले. मामी सांगायच्या, "ताई, यांचे हात थांबत नाहीत हो. काल पडद्याच्या झालरी विंचरत होते. कंगवा घेऊन!"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या घरात एक वासराएवढा कुत्रा आला. त्याच्या अंगावर केसांचे असे गोळे झाले होते की जणू कुणी भिजलेली गादी पांघरलीय. कुत्र्यांचे केस कापणारी दुकानं एवढं मोठं जनावर घ्यायला तयार होईनात. मामांनी तो घरी आणला आणि टोप सोडवतात तसा, टोकाकडून मुळाकडे, एकेक गुंता सोडवला. कुत्रा घोरत होता. मामा गुणगुणत होते. झालं. मग ही बातमी पसरली आणि मोठमोठी, केसाळ, लाळ गाळणारी जनावरं आमच्या जिन्यानं वर यायला लागली.

जमिनीवर वाकून वाकून मामांची पाठ गेली, तेव्हा टेबल आलं. एका बंद पडणाऱ्या दुकानातून घेतलेलं, मोठ्या कुत्र्यांसाठीच बनवलेलं. ऑपरेशनच्या टेबलासारखं लांबलचक, वर काळं खरखरीत रबर, म्हणजे ओले पंजे घसरायला नकोत. खाली लोखंडी सांगाडा आणि पायानं दाबायचा पंप. कुत्रा चढवताना टेबल गुडघ्याशी, काम करताना पंप मारून मामांच्या छातीशी. एका टोकाला उभा दांडा, त्याला आडवा हात, आणि त्या हातावरून लोंबणारा पट्ट्याचा फास. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडून निघून गेलं, "अगबाई, हे तर आपलं शेवटच्या अंकातलं फाशीचं दृश्य!"

"तसंच आहे ताई," मामा हसले, "फक्त इथं कुणी मरत नाही. वर कुत्रा बांधलेला असला ना, की दाराची घंटा वाजू दे, नाहीतर आग लागू दे, मी जागचा हलत नाही. त्यानं उडी मारली की संपलं."

"कुणी मरत नाही कसं? मी मरतेय की," आतून मामींचा आवाज आला.

मामींबद्दल सांगायलाच हवं. त्यांची सगळी नोकरी मोठ्या दवाखान्यात, हत्यारं उकळून निर्जंतुक करायच्या खोलीत झाली. कात्र्या, चिमटे, सुऱ्या उकळायच्या, कोरड्या करायच्या, डब्यात बंद करायच्या आणि डब्यावर स्वतःची सही करायची. अशी बाई. घरात पाऊल टाकताना बाहेरच्या चपलेचा तळ आत दिसला तर त्यांच्या कपाळाला आठी पडते. आणि त्यांच्याच बैठकीत, कारण आतल्या दारातून टेबल जाईना, सोफ्याच्या जागी हे काळं टेबल उभं राहिलं.

एकदा मी हौसेनं बघायला बसले. माझी मती फिरली होती, दुसरं काय! मामांनी कुत्र्याच्या कानात कापूस फिरवला, आणि बाहेर आला तो बोळा वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुचकळल्यासारखा. तो त्यांनी उजेडात धरून पाहिला. मग पंजे. बोटांमधून ओलसर, पिवळट मळ निघाला. मग गोचिडी. फुगलेल्या, करड्या, वाटाण्याएवढ्या. एकेक उपटून मामींच्याच जुन्या बरणीत, स्पिरिटमध्ये. त्यातली एक फुटली. मग मागच्या पायांमधले गुंते, आणि त्या गुंत्यात काय वाळून बसलं होतं ते मी लिहिणार नाही. मला वाटलं, संपलं. छे! मामांनी शेपटी वर धरली, कागद लावला आणि दोन बोटांनी खाली काहीतरी दाबलं. अहो, काय तो वास! कुजक्या मासळीचं पिंप कुणी तोंडावर उपडं करावं तसा. "तिथं ग्रंथी असतात," मामा म्हणाले, "तुंबल्या की बिचारा जमिनीवर ढुंगण घासत फिरतो." मी उठले, तोच कुत्र्यानं अंग झाडलं. भिंत, छत, दिवा, मामामामींच्या लग्नाचा फोटो आणि माझी नवी साडी, सगळ्यांवर करडे शिंतोडे उडाले. मी घरी येऊन आंघोळ केली आणि जेवले नाही.

मामी हे रोज बघत होत्या. त्या आतल्या खोलीत दार लावून जेवायच्या. त्यांचं ताट, वाटी, टॉवेल, साबण, सगळं कपाटात कुलपात. आणि तरीही एका सकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या, हातात उशी धरून, शक्य तितकी अंगापासून लांब.

"बघा ताई."

पांढऱ्या अभ्र्यावरून एक गोचीड सावकाश चालली होती.

"माझ्या गालाखाली होती," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "आता बास. मी यांना सांगितलंय. त्या घरात एक तर ते टेबल राहील, नाहीतर मी राहीन. बहिणीकडे खोली रिकामी आहे, मी कपडे भरून ठेवलेत."

मामांनी वाद घातला नाही. "तुझं बरोबर आहे," म्हणाले. "टेबल बाहेर नेतो. जागा मिळेपर्यंत तेवढी कळ काढ." आणि ते जागा शोधायला लागले. पण केसाळ कुत्र्यांसाठी, सांडणाऱ्या पाण्यासाठी आणि त्या वासासाठी खोली कोण देतो? प्रत्येक दारात मामा टोपी हातात घेऊन उभे राहायचे आणि प्रत्येक दारातून परत यायचे. संध्याकाळी रिकाम्या टेबलाशी उभे राहून रबरावर हात फिरवायचे. मला ते बघवत नसे. झालरी विंचरणारे मामा मला परत नको होते.

आणि मग तो आला. त्याला मी पांढरा शर्ट म्हणते, कारण दुसरं काही म्हणायला गेले तर तोंड विटाळतं. इस्त्री केलेला, बर्फासारखा शर्ट. कुत्र्याची साखळी त्यानं कागदी रुमालात गुंडाळून धरली होती. मागून एक प्रचंड काळा कुत्रा जिना चढत होता, दर पायरीला थांबत, मागचे पाय थरथरत. तोंड सगळं पांढरं झालेलं. खालच्या ओठातून लाळेची दोरी थेट पायरीपर्यंत.

"हा वडिलांचा," तो म्हणाला. "वडील गेले, हे राहिलं." खिशातून सॅनिटायझरची छोटी बाटली काढून त्यानं हात चोळले. "याला घ्यायला एक बाई येतेय. तिची रोपवाटिका आहे, राखणीला हवाय. मी तिला पाच वर्षांचा सांगितलाय."

मामांनी कुत्र्याचा ओठ वर केला. दात तपकिरी, हिरड्यांशी पू. "दहा-अकरा तरी असेल हा."

"म्हणूनच तुमच्याकडे आलोय. तुम्ही नाटकात तोंडं रंगवायचात ना? म्हाताऱ्याला तरुण करायचात? मग करा की."

मी दारातच उभी होते. मला वाटलं मामा त्याला हाकलून देतील. पण पांढरा शर्ट पुढे बोलला. "ऐकलं, तुम्ही जागा शोधताय. माझ्या इमारतीखाली गॅरेज पडून आहे. पाण्याचा नळ आहे, मोरी आहे. त्या बाईनं कुत्रा नेला की टेबल तिथं लावा. कायमचं."

"आणि नाही नेला तर?"

"मग डॉक्टर. एक इंजेक्शन." तो पुन्हा हात चोळायला लागला. "मी काय घरात ठेवू हे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली वाकले, कुत्र्याच्या छातीखाली एक हात घातला, मांड्यांखाली दुसरा, आणि त्याला टेबलावर चढवला.

बाई दुपारी तिथंच कुत्रा न्यायला येणार होती. मामी बाजारात गेलेल्या. मामांनी आधी कुत्रा धुतला, वाळवला. त्याच्या कमरेत जोर नव्हता, म्हणून पोटाखालून टॉवेलची झोळी करून ती वरच्या दांड्याला बांधली. मग बाटल्यांची बुचं जाळली, ती काजळी तेलात खलली. "केसांचा रंग लावला तर चाटेल आणि मरेल," ते म्हणाले. आणि ब्रश हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा बदलला. तो चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. हनुवटीपासून सुरुवात, मग गाल, भुवया, पंजे. नुसतं काळं फासलं नाही. केसागणिक लावलं, मधे मधे एखादा पांढरा राहू दिला, म्हणजे खोटं वाटायला नको. दात घासून पांढरे केले. तोंडाची दुर्गंधी माझ्यापर्यंत येत होती आणि मी नाक दाबून, तरीही जागची न हलता, बघत होते. डोळे मात्र तसेच राहिले, दुधाळ, निळसर. मामा मागे सरले, मान तिरपी केली, मग कपाळावरचे केस पुढे विंचरून डोळ्यांवर आणले.

तिथं राजपुत्र उभा होता. शपथ सांगते, माझे हात टाळीसाठी वर आले.

तेवढ्यात मामी आल्या. एरवी त्या बैठकीतून जाताना नाकाला रुमाल लावून, भिंतीला चिकटून, जणू चिखलातून चालतायत तशा आत जायच्या. आज थांबल्या. पिशवी खाली ठेवली. नाकाला रुमाल लावलाच नाही.

"हा सकाळचाच ना? जिन्यात पाहिलेला?"

"अगं, ऐक ना." मामांनी सगळं सांगितलं. गॅरेज, नळ, मोरी. "आजच्या आज टेबल बाहेर. तुला हवं होतं तसंच."

मामी ऐकत होत्या. ब्रशकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे एक होती. उकळायचा कंटाळा. कात्री नुसती पुसायची, चकचकीत करायची आणि डब्यात टाकून सही करायची. वरून बघाल तर आरशासारखी. तिला आम्ही खुनी म्हणायचो."

"हा कुत्रा आहे, कात्री नाही."

"ती बाई याला पहिल्या पावसात बघेल. मग काय करेल? उरावर घेऊन बसेल? कुठंतरी कुंपणाबाहेर बांधून ठेवेल आणि विसरेल."

"निदान जिवंत तर राहील! आणि मी हे कुणासाठी करतोय? तुझ्यासाठीच ना?"

"माझ्या नावावर खपवू नका हं," मामी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जी किळस होती ती गोचिडीच्या वेळीसुद्धा नव्हती. "गोचीड परवडली."

घंटा वाजली. कुत्रा टेबलावर बांधलेला, म्हणून मामा हलले नाहीत. मी दार उघडलं.

रोपवाटिकेची बाई बुटकी, उन्हानं रापलेली, नखांत माती. मागे पांढरा शर्ट. ती सरळ टेबलाशी गेली आणि कुत्र्याच्या गळ्यात हात टाकला. "अरे वा! काय देखणा आहे! माझ्याशी बोलणार का रे तू?" कुत्र्यानं शेपटी हलवली. तिनं विचारलं, "रात्रीचा फिरतो ना? माझी जागा मोठी आहे, कुंपणावरून चोर येतात."

"फिरतो? अहो, घोडा आहे घोडा," पांढरा शर्ट म्हणाला.

"आणि एवढा शांत! मला आवडला. उतरवा, नेतेच."

मामांनी पोटाखालची झोळी सोडली. गळ्यातला फास सोडायला हात वर नेला. मामी स्वयंपाकघराच्या दारात. पांढऱ्या शर्टानं गॅरेजची किल्ली काढून मामांना दिसेल अशी बोटात फिरवली. मला मामांचा एक हट्ट माहीत होता. रंगपटातून कुणालाही रंगवलेल्या तोंडानं घरी जाऊ द्यायचं नाही. एकदा आमच्या नायकाला दुसऱ्या गावी जायची घाई होती, खाली गाडी हॉर्न वाजवत होती, आणि मामा तेलाची वाटी आणि फडका घेऊन दारात आडवे उभे राहिले होते. "मी लावलंय, मीच काढणार. घरी न्यायचं ते स्वतःचं तोंड," म्हणाले होते. नायकानं शिव्या दिल्या आणि मुकाट्यानं खुर्चीत बसला.

मामांचा हात फासापाशी थांबला. ते वळले, शेल्फवरून तेलाची वाटी घेतली.

"बाई, जरा थांबा," ते म्हणाले. "याचा मेकअप उतरवायचा राहिलाय."

"काय?"

मामांनी फडका तेलात बुडवला आणि हनुवटीवरून फिरवला. काळं निघालं, खालून पांढरं आलं. गाल. भुवया. फडका काळा होत गेला, कुत्रा म्हातारा होत गेला. कपाळावरचे केस मामांनी बोटांनी मागे सारले आणि ते दोन दुधाळ डोळे उघडे पडले.

"अहो, काय करताय काय!" पांढरा शर्ट ओरडला.

"दहाच्या पुढचा आहे," मामा त्या बाईला म्हणाले. "कमी दिसतं. कंबर गेलीय. रात्री फिरणं याच्याकडून व्हायचं नाही. स्वभाव मात्र सोनं आहे."

बाई वाकून ते डोळे बघत राहिली. मग कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "माझा असाच म्हातारा होऊन गेला, गेल्याच वर्षी. पुन्हा नाही रे जमायचं मला." ती दाराकडे निघाली. पांढरा शर्ट तिच्यामागे काहीतरी पुटपुटत, हातांवर बाटली पिळत गेला. ती थांबली आणि त्याच्या हातांकडे बघून म्हणाली, "मघापासून चोळताय. चोळत राहा. निघायचं नाही ते." आणि जिना उतरून गेली.

पांढरा शर्ट लालबुंद होऊन परत आला. किल्ली खिशात टाकली. "गॅरेज विसरा. कुत्रा द्या इकडे, सरळ डॉक्टरकडेच नेतो."

मामा काही बोलणार, एवढ्यात मला कुचकुच आवाज आला. मामी टेबलापाशी आल्या होत्या. ज्या बाईनं आजवर त्या टेबलाला नखसुद्धा लावलं नव्हतं, तिनं पंपावर पाय ठेवला होता आणि ती तो मारत होती. टेबल वर, आणखी वर. कुत्रा पांढऱ्या शर्टाच्या छातीच्याही वर गेला.

"घ्या की," मामी म्हणाल्या.

"खाली करा ते."

"अडकलाय पंप."

"कुठं अडक..." मामांनी तोंड उघडलं, मामींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. मग मामांनी फास सोडला, कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मनापासून, शिकवतात तसं सांगितलं, "एक हात छातीखाली, एक मांड्यांखाली. अंगाशी घट्ट धरायचा, नाहीतर घाबरतो. घाबरला की सोडतो, तेवढं बघा."

"सोडतो म्हणजे?"

"म्हणजे सगळंच," मामी म्हणाल्या.

पांढरा शर्ट पुढे झाला. दोन्ही हात लांब केले, बोटं पसरलेली, जणू विस्तवाला हात लावायचाय. कुत्र्याला वाटलं, आपल्याला कुणी जवळ घेतंय. त्यानं आपलं भलंथोरलं तोंड, तेल, काजळी आणि लाळेच्या दोन दोऱ्यांसकट, त्या शुभ्र खांद्यावर ठेवलं आणि सुस्कारा सोडला. तो श्वास! पार दारात माझ्यापर्यंत आला. पांढऱ्या शर्टाच्या गळ्यातून एक आवाज निघाला, त्यानं तोंडावर हात दाबला आणि जिन्यावरून असा पळाला की मधल्या मजल्यावर थांबून त्याला जे करायचं होतं ते त्यानं तिथंच केलं. नंतर खालून ओरडला, "माणूस पाठवतो न्यायला!"

माणूस आला नाही. येणारही नव्हता.

मामी सगळ्यांत आधी न्हाणीघरात गेल्या आणि पंपावर ठेवलेला पाय साबणानं धुवत राहिल्या. "शी! काहीतरी चिकट होतं त्याला, शी, शी!" बाहेर आल्या तेव्हा मामांनी कुत्रा खाली उतरवला होता आणि स्वतः पाना घेऊन टेबलाखाली शिरले होते.

"आता काय करताय?"

"टेबल सोडवतोय. भंगारवाल्याला देतो." मामांचा आवाज टेबलाखालून आला, तसाच सपाट. "तुला शब्द दिलाय. गॅरेज तर गेलंच."

"आणि हा?"

कुत्रा बैठकीच्या मधोमध बसला होता. त्याच्याभोवती लाळेचं डबकं होत होतं.

"हा... राहील म्हणतो मी. दुसरीकडे कुठं जाणार?"

"ते मला दिसतंय. मी विचारतेय, याला आंघोळ कुठं घालणार? माझ्या न्हाणीघरात? आत पाय ठेवून दाखवा. आणि जमिनीवर वाकाल तर तुमच्या पाठीला तेल कोण चोळणार? मी?"

पाना थांबला.

"हा आहे तोवर राहू दे ते लोखंड," मामी म्हणाल्या. "पण हा एकच. दुसरा एकही कुत्रा या दारातून आत आला तर बहिणीकडे जायला मला वेळ लागणार नाही. कपडे भरलेलेच आहेत."

"हा एकच," मामा म्हणाले, आणि खालून बाहेर आले.

त्यांनी शब्द पाळला. लोक अजून येतात, ते सगळ्यांना दारातूनच परत पाठवतात आणि मग तो कुत्रा जिना उतरेपर्यंत कठड्याशी उभे राहतात. पण तो एक कुत्रा! त्याचे दात रोज घासले जातात, कान रोज बघितले जातात, कमरेला शेक दिला जातो. नटाची एवढी बडदास्त कंपनीनं कधी ठेवली नाही. मामी मला म्हणतात, "टेबलासाठी याला शंभर वर्षं जगवणार आहेत हे." परवा डॉक्टर आले होते, तेव्हा मामींनीच विचारलं, "आणखी किती काढेल?" डॉक्टर म्हणाले, "अशी निगा असेल तर बरीच." "म्हणजे बरीच वर्षं ही घाण," मामी म्हणाल्या, आणि कुत्र्याची औषधं कशी द्यायची ते पुन्हा पहिल्यापासून विचारून घेतलं.

अलीकडे मामांचा उजवा हात थरथरतो. म्हणून काल मी गेले तेव्हा टेबल वर होतं, कुत्रा वर होता, आणि त्याची शेपटी मामींनी धरली होती. दवाखान्यातले जुने रबरी मोजे कोपरापर्यंत, तोंडाला पट्टी, मान पूर्ण भिंतीकडे वळवलेली.

"आटपा हो लवकर. मला ओकारी येतेय."

"झालं, झालं."

"मघापासून झालं झालंच चाललंय तुमचं! हे जनावर आतून सडलंय की काय? देवा रे, काय हा वास!"

मामांनी ग्रंथी पिळून कागद बाजूला टाकला आणि हात पुसायला घेतला. मामींनी एक डोळा मिटून, दुसऱ्यानं तिरपं बघत शेपटीखाली नजर टाकली.

"थांबा. कागद घ्या परत," त्या म्हणाल्या. "डावीकडे अजून आहे. नीट काढा."